काचेचं दुकान

काच कापायची हिरकणी खाली ठेवून काचवालीने वर पाहिलं, तर मागच्या दाराने आलेल्या दिराच्या हातात पेट्रोलची बाटली. बाटलीच्या तोंडात चिंधी कोंबलेली. तो सरळ पुढच्या दाराशी गेला आणि फटीतून समोरच्या कचेरीकडे पाहू लागला. कचेरीच्या गच्चीवर शिपाई ओळीने बसले होते, बंदुकांची तोंडं रस्त्याकडे.

मोर्चा अजून वळणाआड होता. कचेरीतल्यांनी खुर्च्या सोडाव्यात, ही मागणी शहरात भिंतीभिंतीला ठाऊक होती. आज ती ओरडून सांगायची नाही, हातात काही घ्यायचं नाही, नुसतं चालायचं, असं लोकांनी ठरवलं होतं. काचवालीची एकुलती लेक पहिल्या रांगेत होती.

दीर दबक्या आवाजात तिला समजावत होता. हात जोडल्याने कुणी खुर्ची सोडल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. मोर्चा दारापुढे आला की बाटली कचेरीच्या खिडकीत जाईल, गच्चीवरून गोळ्या सुटतील, आणि एकदा का रस्त्यावर रक्त सांडलं की याच मेंढरांचे वाघ होतील.

"काट्यानेच काटा निघतो, वहिनी."

"निघतो की. पण भावोजी, पाय माझ्या लेकीचा आहे."

त्याने मान फिरवली. पुतणीला खांद्यावर बसवून सगळं शहर त्यानेच दाखवलं होतं. तरी बाटली काही सुटली नाही. त्याच्या माणसांनी आजवर केलेल्या स्फोटांत निम्म्या शहराच्या खिडक्या फुटल्या होत्या आणि हिनेच त्या पुन्हा बसवल्या होत्या. तुमच्या क्रांतीने बाकी कुणाचं नाही तरी माझं दुकान चालवलं, असं ती त्याला जेवायला वाढताना टोचायची, आणि तोही हसायचा. आज जीभ उचलेना. बाटली हिसकावावी, तर झटापटीत दुकानच पेटायचं.

तेवढ्यात भिंतीला टेकवलेल्या काचांपैकी एक वाजू लागली. कोपऱ्यातली, सगळ्यात पातळ. मग तिच्या शेजारची. मग सगळ्याच.

स्फोटाने काच कशी वाजते हे तिला ठाऊक होतं. एकदाच वाजते, मग झाडू घ्यायचा. हे थांबत नव्हतं. बाहेर कुणी ओरडत नव्हतं, काही फुटत नव्हतं. नुसती पावलं. वळणावरून माणसं येत होती, म्हातारी, लेकुरवाळी, कामाच्या मळक्या कपड्यांतली. रस्ता काठोकाठ भरला तरी येत होती. इतक्या माणसांचं गप्प राहणं तिने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

पहिली रांग दारापुढे आली. दिराने खिशातून काडेपेटी काढली, बाटली वर उचलली आणि थबकला. आतलं पेट्रोल हिंदकळत होतं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "माझा हात कापतोय."

"खाली ठेवून बघा."

त्याने बाटली टेबलावर ठेवली आणि हात काढून घेतला.

पेट्रोल तसंच थरथरत राहिलं.

दोघं त्याच्याकडे बघत राहिली. बाहेर लेक दारावरून पुढे गेली. तिच्यामागे माणसं येतच होती, आणि समोर कचेरीच्या बंद खिडक्यांमधली, काचवालीनेच बसवलेली तावदानं वाजू लागली होती.