पुरावा

भरदुपारी दुकानात आलेल्या त्या बाईंनी एकामागून एक चार हेडफोन कानांवर चढवून पाहिले आणि उतरवून ठेवले.

"भाऊ, कुशीवर झोपलं तरी कान दुखायला नकोत. आणि बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू यायला नको."

"कुणाचा एवढा जाच आहे, वहिनी?" दुकानदाराने विचारलं. वीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं दुखणं त्याला चेहऱ्यावरूनच कळायचं.

बाईंनी फोनवर एक रेकॉर्डिंग लावलं. असं काही घोरणं सुरू झालं, की शेजारचं गिऱ्हाईक दचकून मागे वळलं.

"अरे बापरे! हे आमचे दादा आहेत की पिठाची गिरणी?" दुकानदार खो खो हसला.

बाईही हसल्या. "कबूलच करायला तयार नव्हते हो! 'मी घोरतो याला पुरावा काय?' म्हणे. मग घेतलं एकदा गुपचूप रेकॉर्ड करून."

दुकानदाराने उशीसारखा मऊ हेडफोन हौसेने त्यांच्या कानांवर बसवला, बाहेरचा आवाज बंद करणारं बटण दाबलं आणि ते घोरणं फोनवर मोठ्याने लावलं. "बघा, ऐकू येतंय का काही?" त्याने हातानेच विचारलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले. आता सुखाने झोपतील बिचाऱ्या, असं त्याला वाटलं.



हेडफोन हलकेच काढत त्या म्हणाल्या, "बाकी सगळं बंद करायचंय ते हेच नीट ऐकू यावं म्हणून, भाऊ, महिना झाला त्यांना जाऊन, या आवाजाशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही."