वरची काडी

रस्ता रुंद करायला परसातलं पपनस तोडणार म्हटल्यावर वडिलांनी घाईघाईने त्याचं कलम कुंडीत करून ठेवलं. झाड गेलं, पाठोपाठ वडीलही गेले.

आई मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडली, तेव्हा कुंडी मुलाच्या गळ्यात आली. आईचा रोज फोन. "जेवलास का?"च्या आधी "पपनस कसं आहे?"

मुलगा पेशाने ड्रेसर, जखमा बांधण्यात हात बसलेला. रोपाला मधोमध पट्टी बांधलेली आणि तिच्या वरची काडी अगदी मरतुकडी. दुखणं खाली उतरायच्या आत कापलेलं बरं, म्हणून त्याने ती पट्टीसकट उडवली. मग खतपाणी जिवापाड केलं. खालून असे फुटवे आले की बघत राहावं!

आई घरी आली ती काठी टेकत थेट कुंडीपाशी.

"बघ, कसं तरारलंय! वरची रोगट काडी तेवढी काढून टाकली."

आई फुटव्यांच्या काट्यांवरून बोट फिरवत राहिली.



"खालचं खोड रानटी लिंबाचं होतं रे. बाबांचं पपनस त्या काडीतच होतं."