खर्ड्याची तलवार

मुलांनो, घटकाभर माझ्याबरोबर चला. साल १९५२, दसऱ्याचा दिवस. पोखर्णीजवळच्या एका खेड्यात बन्सीधर पाटलांच्या अंगणात एक कोहळा मांडलाय. त्यावर काजळानं डोळे आणि मिशा काढल्या आहेत, कारण तो निजामाचा शिपाई आहे. पाटलांची नऊ वर्षांची नात बायना जुनी तलवार दोन्ही हातांनी पेलून उभी आहे. घरातल्या लेकरानं एका घावात शिपायाचं मुंडकं उडवायचं, असा चार वर्षांपूर्वी निजामाचं राज्य गेल्यापासून तिथला नवा रिवाज.

"खर्ड्याच्या लढाईत आमच्या खापरपणज्यानं हिनंच निजामाची सात मुंडकी उडवली!" पाटील गरजले. "हाण, बायने!"

ओसरीवरून त्यांच्या म्हाताऱ्या आत्या गोजरबाई म्हणाल्या, "बन्सी, पाच सालामागं निजामाच्या तहसीलदाराला काय सांगत हुतास? आमचा खापरपणजा निजामाच्या फौजेत हुता म्हून! तवा खरं बोलत हुतास."

जमलेली माणसं हसली.

"आत्या, गप बस."

"लय दिस गप बसले. माझ्या आजीचे सासरे त्ये. त्यांनी सोता तिला सांगितलंय. ह्या तलवारीनं मराठ्यांच्या एका पोराचं पोट फाडलं. आतडी हातात धरून त्ये पोरगं 'आई गं' म्हनलं. आपल्याच बोलीत."

आता कुणी हसेना. पाटलांनी बायनाची मनगटं धरून तलवार वर उचलली. "हाण म्हनतो ना!"

बायनानं हात हिसडून सोडवले. तलवार खणकन फरशीवर पडली. तिनं कोहळा उचलला, दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला आणि ती घरात पळाली.