पत्र्यावरची सर

फौजेतून निवृत्त झालेले माण तालुक्यातले आप्पासो अंदमानातल्या एका लहानशा बेटावर गेले, ते तिथल्या महादेवाच्या देवळात बिनपगारी सेवा करायला. महिन्याभरात माणसं ओळखीची झाली, दोन वेळचा भातही अंगवळणी पडला. सलत होता तो पाऊस. तिथं तो रोज पडायचा, आणि गावी त्यांची बायको धोंडुबाई पाण्याच्या टँकरची वाट बघत बसायची. आरती झाली की आप्पासो हळूच म्हणत, "म्हादेवा, हितं बास झालं. आता तिकडं बघ." बायकोला मात्र फोनवर ते पावसाचं नावही काढत नसत.

एका संध्याकाळी फोन चालू असतानाच देवळाच्या पत्र्यावर जोराची सर आली.

"आवं, ते काय वाजतंय?" धोंडुबाईनं विचारलं.

"पाऊस हाय." आप्पासोंचा आवाज खाली आला. "तू तिथं घागरभर पाण्यासाठी ताटकळतीस, म्हणून बोललो न्हाई कवा."

पलीकडं दाराची कडी वाजली, शेरडं ओरडली.

"आता बोलू नगा," ती म्हणाली. "फोन पत्र्याकडं धरा. मी गोठ्यात आलीया, शेरडांस्नीबी ऐकू दे."