हं, बरं, मग?

सोसायटीतल्या दिवंगत सभासदांची मनं ज्या सर्व्हरवर ठेवली होती, तो अहोरात्र घरघरत होता. घरच्यांनी हाक मारली की ही मंडळी जागी होत, एरवी निजलेली असत. मग डिस्कवर सारखं लिहीत होतं कोण?

“आमचेच हे असतील,” मालिनीबाई जरा ऐटीत म्हणाल्या. “रोज संध्याकाळी माझ्याशी तासभर बोलतात. मागून तेच आठवत बसत असतील.”

दुरुस्तीला आलेल्या शबानाने सतत लिहिल्या जाणाऱ्या फायली पडद्यावर आणल्या. सगळ्यात वर दिगंबररावच होते. मालिनीबाईंनी पदर सावरला.

“काकू, हे तळमजल्यावरच्या कैलासवासी शालन प्रधानांशी बोलतायत. अखंड.”

“अगं, हे कुठले बोलायला!”

“इथे तर थांबतच नाहीत. नकला काय, कविता काय.”

“आणि संध्याकाळी, माझ्याशी?”

शबाना घुटमळली. “तेव्हाही तिथेच असतात. तुमच्यासाठी एक छोटी फाईल करून ठेवलीय. ‘हं’, ‘बरं’, ‘मग?’ आणि ‘जेवलीस का?’ आलटूनपालटून तेच लागतं.”

लग्नापासून हेच ऐकत आल्यामुळे मालिनीबाईंना फरक कळला नव्हता. त्या पडद्यासमोर बसल्या.

“अहो, तुम्हाला कायमचं पुसून टाकायला सांगतेय मी.”

“हं,” दिगंबरराव म्हणाले.

“नको म्हणालात तर थांबते.”

“बरं. जेवलीस का?”

“जेवले,” मालिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी शबानाला खूण केली.