तोमिएचं मडकं

"आजोबा, तुम्ही अजून किती वर्षं जगणार?"

विचारून टाकलं! वर्गातल्या काहो आणि मिझुहो पैजेवर म्हणाल्या होत्या, तुझी हिंमतच होणार नाही. चिनात्सुची छाती इतकी धडधडत होती, की तिचंच रक्त तपासावं.

तोकुजी आजोबांचा हात कोपरापर्यंत मडक्यात होता. "तू कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत किती वेळा आपटतेस, त्यावर आहे. पास झालेली बघूनच जाईन."

"चेष्टा नको. तुमचा आकडा चारशे बारा आलाय." तिनं दवाखान्यातला रक्ततपासणीचा कागद नाचवला. "मागच्या वर्षी एकशे अठरा होता. हृदयावर ताण आला, की ते स्वतःच रक्तात एक हार्मोन सोडतं. शिकवलंय आम्हाला. म्हातारपणी हा आकडा जितका चढा, तितकी..." पुढचं तिनं हळूच म्हटलं, "तितकी वर्षं कमी असू शकतात."

"मीठ सोडलंय की मी. मिसोचं सूप बंद, खारा मासा बंद."

"आणि हे?"

आजोबांनी मीठ घालून आंबवलेल्या तांदळाच्या कोंड्यातून एक मुळा ओढून काढला. खारट, आंबूस वास घरभर झाला. "हे डॉक्टरांनी कुठे विचारलं? लोणचं म्हणजे काय खाणं असतं होय?"

"आजोबा! तुम्हाला तर हे आवडायचंही नाही. आजीनं झाकण उघडलं, की तुम्ही अंगणात पळायचात."

"पळायचोच. कोकुराहून नवी नवरी होऊन आली तोमिए, तर मांडीवर हे मडकं! आगगाडीचा अख्खा डबा नाक धरून बसलेला. मी शेजारी असा, जणू ओळखतच नाही हिला." आजोबा हसले. मग तळव्यानं कोंडा वरून सारखा करत बसले. "एकोणपन्नास वर्षांत, जाईपर्यंत, हे ढवळणं एक दिवस चुकवलं नाही तिनं. तुझा बाप जन्मला तेव्हा दवाखान्यातून निरोप. मुलगा झाला, मडकं ढवळा."

"मग नुसतं ढवळा. खाऊ नका."

"रोज नवी भाजी घातली नाही तर मरतं ते. मुरलेली काढायची, नवी घालायची. काढलेली कोण खाणार? तुम्ही तिघं तर बोट लावत नाही."

"टाकून द्यायची."

आजोबा मुळा नळाखाली धरून धूत राहिले, केव्हाचा स्वच्छ झाला तरी.

चिनात्सुनं तो त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि कचकन तोडला. डोळ्यांत पाणी आलं. खारट म्हणजे किती खारट! पण ती चावत राहिली, शेंड्यापर्यंत.

संध्याकाळी आईबाबा दारात बूट काढतायत, तोवरच तिनं जाहीर केलं, "उद्यापासून सकाळी मला पाव नको. भात लावायचा. मुळा, काकडी, जे मुरलं असेल ते सगळं मी खाणार. आजोबांनी फक्त ढवळायचं."