बोंबलाचा वास

मढच्या कोळीवाड्यातल्या नलिनीला लॅबमध्ये डबा उघडायला बंदी होती. सरांना मासळीचा वास सहन होत नसे. त्याच नलिनीनं सात वर्षं खपून मासळी ताजी की शिळी ते ओळखणारा सेन्सर बनवला. शहाऐंशी साली अंधेरीच्या त्यांच्या संस्थेत पाहुणे आले, तेव्हा सर म्हणाले, "हा माझा सेन्सर," आणि त्यांनी तो कुजक्या बोंबलाच्या पाण्यात बुडवला. मीटरचा काटा जागचा हलेना.

"नलिनी, काय झालं तुझ्या सेन्सरला?"

"तुम्ही हात लावलात?"

"घाण वास येत होता गं. सकाळी उकळत्या पाण्यानं धुतला."

टोकावरचं एन्झाइम हेच सेन्सरचं नाक, ते गरम पाण्यानं मरतं, हे तिनं शंभरदा सांगितलं होतं. नलिनी पाहुण्यांदेखत कडाडली, "वास येतो म्हणून नाकच कापलंत, सर! तेही स्वतःचं!"